आपोआप येणारं वाक्य

"अगं, हात काढ की स्क्रीनवरून! नवरीचं तोंड झाकल्यासारखं काय झाकून बसलीस?" आनंदीताई माझ्या खुर्चीमागून म्हणाल्या.

मी हात काढला नाही. हाताखाली माझे सासरे होते.

"एरर आलीय ताई. बघण्यासारखं काही नाही."

"सकाळपासून मी एररच बघतेय. चार वाजता लोकांना मेसेज जाणार आहेत. तोवर काय ते निस्तर." आणि त्या चहा सांगायला बाहेर गेल्या.

मी हात बाजूला केला. स्क्रीनवर लिहिलं होतं, 'तुमच्या ओळखीचे इथे : १'. त्याखाली बाबांचा फोटो. खडकवासल्याच्या भिंतीपाशी मीच काढलेला, निवृत्तीच्या दिवशीचा, गळ्यात हार आणि चेहऱ्यावर 'आवर आता' असा भाव.

आमचं पुनर्विवाह मंडळ स्वारगेटच्या मागच्या बाजूला, एका टायपिंग क्लासच्या वर आहे. आनंदीताई मालकीणबाई आणि मी त्यांची वेबसाइट सांभाळणारी एकुलती एक बाई. विधवा, विधुर, घटस्फोटित, सगळे आमच्याकडे येतात. लोक दुसरं लग्न करायला तयार असतात, पण पासवर्ड लक्षात ठेवायला तयार नसतात. रोज फोन. 'मॅडम, आत जाता येत नाही.' शेवटी ताई म्हणाल्या, लोकांचं जे सोशल अकाउंट मोबाइलवर असतं त्याच्यानंच आत येऊ दे.

त्यात अवघड काही नाही. पासवर्ड म्हणजे घराची किल्ली. ती आम्ही मागतच नाही. सोशल नेटवर्क आम्हाला एक टोकन देतं. लहानपणी आई वाण्याला चिठ्ठी द्यायची ना, 'ही आमचीच मुलगी आहे, हिला अर्धा किलो साखर द्या', तसलंच. चिठ्ठीत साखर लिहिली असेल तर साखरच मिळते, तूप मिळत नाही. फक्त चिठ्ठीत काय काय मागायचं, हे आम्ही ठरवायचं. समोरचा माणूस न वाचता 'परवानगी आहे' दाबतो. सगळेच दाबतात. मीही दाबते.

मी मागितलं होतं नाव आणि फोटो. ताईंनी तिसरी गोष्ट घालायला लावली, ओळखीच्या लोकांची यादी. त्यातले जे आमच्या साइटवर असतील ते एकमेकांना दाखवायचे.

"आपल्याकडे स्थळ आलं की पहिल्यांदा काय करतात?" त्या म्हणाल्या होत्या. "ओळख शोधतात. तुमच्या मावशीच्या बिल्डिंगमध्ये त्यांचे कोण राहतात, साताऱ्याचे ते तुमचे कोण. ओळख निघाली की माणूस निर्धास्त होतो. कम्प्युटरनं तेवढं करून दिलं तर बिघडलं कुठे?"

बिघडलं इथेच होतं. आमच्याकडे माणसाचं नाव दिसत नाही, नंबर दिसतो. दोन्हीकडून होकार आला की मगच नाव आणि फोटो उघडतात. पहिल्या लग्नाला सगळं गाव लागतं. दुसऱ्या लग्नाचा विचार मात्र माणूस दार लावून करतो, आणि नेमका ओळखीच्यांपासूनच लपून करतो.

नव्या दारानं आत यायची सोय आठवडाभर गुपचूप सुरू होती. त्या दारानं बाबा आत आले होते, आणि तपासायला मी माझ्या अकाउंटनं गेले तर समोर तेच.

मी नको नको म्हणत खाली वाचलं. नाव, फोटो टोकननं आणलेले. पण बाकी सगळं माणसाला हातानं भरावं लागतं. विधुर. सेवानिवृत्त कालवा निरीक्षक, पाटबंधारे खातं. बौद्ध, जातीची अट नाही. स्वयंपाक येतो, भाकरी सोडून. आणि 'अपेक्षा' या जागेत एकच ओळ होती : 'संध्याकाळी बोलायला घरात कोणी असावं, एवढंच.'

मला रडूच यायला लागलं, खरं सांगते. माझा नवरा अभय शोरूममधून आठला येतो, मी साडेसातला. आई, म्हणजे माझ्या सासूबाई कांताबाई, गेल्यापासून बाबा संध्याकाळी काय करतात, हे आम्ही दोघांनी कधी विचारलं नव्हतं. ते खाली पार्किंगमध्ये वॉचमनपाशी उभे असतात, हे मला माहीत होतं. इन्शुरन्स विकायला फोन करणाऱ्या मुलींशी निवांत गप्पा मारतात, 'तू कुठली गं, तुमच्याकडे पाऊस कसा आहे' विचारतात, हेही माहीत होतं. त्याची आम्ही चेष्टा करायचो.

आणि आता आठवलं. मागच्या महिन्यात भाजी निवडताना त्यांनी विचारलं होतं, "चैताली, तुमच्याकडे ती नावं येतात, ती कोण बघतं गं?"

"कोणी नाही बाबा. सगळं कम्प्युटरच बघतो. मी नुसती नटबोल्ट आवळते."

"तू बघत नाहीस?"

"मला कुठे वेळ आहे?"

तेवढ्या विश्वासावर माणूस आत आला होता.

ताई चहा घेऊन आल्या. मी म्हटलं, "ताई, ही ओळखीची भानगड आज सुरू करू नका. आधी लोकांना विचारू या, तुम्ही दिसलात तर चालेल का. ज्यांना चालेल तेवढेच दाखवू."

"आणि रविवारच्या मेळाव्यात काय सांगू? येणार येणार म्हणून गाजवलंय मी."

"अहो, पण एखाद्याच्या घरच्यांनाच कळलं तर?"

"घरच्यांना कळल्याशिवाय लग्न होतं का कुठे?"

"कळायचं ते त्यानं सांगून कळू दे ना. आपण कोण सांगणारे?"

ताईंनी कप खाली ठेवला. "चैताली, तू इथे नोकरीला आहेस का उपदेशाला? इतके दिवस एक अक्षर बोलली नाहीस. आजच काय झालं?"

आजच काय झालं ते मला सांगता येईना. तेवढ्यात वाटलं, बाबांचा एक नंबर वगळायचा. एक ओळ लिहायची, काम झालं. मग लगेच वाटलं, वा गं शहाणे! आपल्या घराला छत्री आणि बाकीचे भिजू देत. मी या विचारात कीबोर्डवर बोटं ठेवून बसले, आणि ताईंनी त्यांच्या मोबाइलवरून साइटचं पॅनल उघडून बटण दाबून टाकलं.

"झालं सुरू. आणि मेसेजही गेले. बघ, आकाश कोसळलं का?"

मला तेव्हा बाबांपेक्षा श्यामला आठवली. श्यामला माझी नणंद. नवऱ्याला सोडून सिंहगड रोडला एका खोलीत राहते, लॅबमध्ये काम करते. तिला आमच्या मंडळात मीच आणलं होतं. ती जुन्या पासवर्डवाली, म्हणून माझ्या यादीत दिसली नव्हती. पण आता मेसेज तिलाही गेला असणार. ती नवं बटण दाबणार, आणि बाबा तर तिच्या ओळखीचेच.

मी काही न विचारता ओळखीची यादी बंद केली आणि एकूणएक टोकनं रद्द केली. सगळ्यांच्या चिठ्ठ्या फाडल्या म्हणा ना. जो आत होता तो बाहेर पडला. ताईंच्या मोबाइलवर साइट पांढरी पडली.

"काय केलंस तू?"

"बंद केलं. मला काढायचं तर काढा."

"काढीनच," ताई म्हणाल्या. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. पाठोपाठ माझा. माझ्यावर नाव होतं श्यामलाचं.

"वहिनी, हे काय आहे?" ती म्हणाली. "मी इकडे स्थळं बघतेय आणि त्याच यादीत माझा बाप?"

"श्यामला, ऐक. तू कोणाला..."

"दादाला स्क्रीनशॉट पाठवला. तो निघालाय घरी. मीपण निघतेय."

मी पर्स उचलली. ताई त्यांच्या फोनवर कोणाला तरी समजावत होत्या, "अहो नाही हो, तुमच्या जाऊबाईंना कसं दिसेल..." मी थांबले नाही.

गाडी काढता काढता बाबांना फोन लावला. ते दुसऱ्या कॉलवर. सिंहगड रोडच्या सिग्नलला परत लावला. परत तेच. राजाराम पुलावर ही गर्दी, मागून हॉर्न, आणि माझ्या डोक्यात एकच : अभय माझ्याआधी पोहोचायला नको. अभय वाईट नाही हो. पण आईच्या बाबतीत तो अजून शहाणा झालेला नाही. तिची चप्पल त्यानं अजून रॅकमधून हलवू दिलेली नाही. तो बाबांना असं काहीतरी बोलेल की मग एका घरात दोघांनी जेवायचं कसं, हाच प्रश्न होईल. आणि ते सगळं कशानं, तर मी लिहिलेल्या प्रोग्रॅमनं.

वारज्याला आमच्या दारात पोहोचले तर आत अभयचे बूट. शेजारी श्यामलाच्या सँडल.

बाबा जमिनीवर बसून मटार सोलत होते. पुढ्यात परात. अभय उभाच होता. श्यामला खुर्चीच्या टोकावर बसली होती, ओढणी बोटाला गुंडाळत. टीव्हीसुद्धा बंद होता.

"बरं झालं आलीस," अभय म्हणाला. "बाबा, परत विचारतो. हे तुम्ही केलंय?" त्यानं मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला.

बाबांनी चष्म्यातून बघितलं. शेंग मोडली, दाणे परातीत टाकले. "श्यामलासाठी बघत होतो," ते म्हणाले. "म्हटलं, आपणही दोन स्थळं बघावीत."

"माझ्यासाठी?" श्यामला म्हणाली. "मग ते 'विधुर' कोण, मी का?"

बाबा खोटं बोलायला निघाले होते आणि दुसऱ्याच पायरीला अडखळले. आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते बिचारे. कालव्यावर पाणीचोरी पकडायची नोकरी केली, तेव्हाही शेतकऱ्याला सोडायचं असलं की 'सोडतोय' असं तोंडावर सांगून सोडायचे. त्यांचे कान लाल झाले. आपल्या पोरांसमोर मान खाली घालून बसलेला तो माणूस मला बघवेना. आणि मला दया नाही आली, संताप आला. या दोघांचा, माझा स्वतःचा, सगळ्यांचा.

"आईला जाऊन किती दिवस झाले हो बाबा?" अभयचा आवाज फुटला. "किती दिवस झाले?"

"घोळ माझा आहे," मी म्हटलं.

तिघांनी माझ्याकडे बघितलं.

"काय?"

"माझ्या प्रोग्रॅमचा घोळ आहे. बाबा श्यामलाची स्थळं बघायलाच आत आले. आमचं नवीन लॉगिन आहे, त्यात सोशल अकाउंटवरून टोकन येतं. साइटनं काय केलं, जो आत येईल त्यालाच उमेदवार धरला. मुलीसाठी आई-बाप येतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुपारपासून तेच निस्तरतेय. सगळी साइट बंद करून आलेय मी."

"आणि हे 'विधुर'?"

"अकाउंटवरून उचललं."

"कालवा निरीक्षक?"

"तेही तिथलंच."

"स्वयंपाक येतो, भाकरी सोडून?"

"ते... बाबांनी मागे एकदा फोटो टाकला होता ना, उपम्याचा? त्याखाली लिहिलं होतं त्यांनी." असा कुठलाही फोटो नव्हता. पण अभय बाबांच्या पोस्ट कधी बघत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

अभयनं मोबाइल जवळ घेतला. मोठ्यानं वाचलं, "संध्याकाळी बोलायला घरात कोणी असावं, एवढंच." मग माझ्याकडे बघितलं. "हेही अकाउंटवर होतं?"

बाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"नाही," मी म्हटलं. "ते नमुन्याचं वाक्य आहे. अपेक्षांची जागा कोणी रिकामी सोडली की ते आपोआप येतं. सगळ्यांना येतं."

"आपोआप?"

"हो. मीच लिहिलंय ते."

अभय माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे खाली आले, आणि तो हसला. सुटल्यासारखा हसला. "काय भिकार वाक्य आहे गं! हे वाचून कोण लग्नाला तयार होणार?"

"मला नाही तुझ्यासारखं सुचत," मी म्हटलं.

"आणि तुला पगार देतात याचा?" तो बाबांकडे वळला, जरा ओशाळून. "सॉरी बाबा. मला वाटलं... जाऊ दे. तुम्ही पण ना, विचारायचं तरी आधी. ही घरात बसलीये कशाला?"

"चुकलंच," बाबा म्हणाले.

श्यामला मात्र हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. तिनं स्वतः तो फॉर्म भरला होता. अपेक्षांची जागा रिकामी सोडली की काय येतं, हे तिला माहीत असणार, कारण तिनं ती सोडली होती. काहीच येत नाही. मी तिच्याकडे बघितलं आणि मनात म्हटलं, बाई, आता बोलू नकोस.

"वहिनी," ती म्हणाली, आणि थांबली. मग खुर्चीवरून उतरून बाबांशेजारी बसली. परातीतली एक शेंग घेतली. "दादा, पुरे आता. चहा टाक जा. तेवढा तरी येतो ना तुला?"

चहा झाला. मग अभय श्यामलाला सोडायला खाली गेला. मी टरफलं गोळा करायला लागले. बाबा उठले नव्हते.

"तुझ्या नोकरीवर येईल का गं हे?" त्यांनी विचारलं.

"आलं तर आलं. पुण्यात वेबसाइटींना तोटा नाही."

"तू वाचलंस ना सगळं?"

खोटं बोलायचं माझं त्या दिवसापुरतं संपलं होतं. "वाचलं बाबा. बघायचं नव्हतं. तपासायला माझ्या अकाउंटनं आत गेले आणि तुम्हीच समोर आलात. चुकलं माझं."

"तुझं काय चुकलं." ते परातीतल्या दाण्यांवरून हात फिरवत राहिले. आई असताना सकाळची वंदना दोघं मिळून म्हणायचे. आता एकटेच म्हणतात, आणि आवाज इतका खाली गेलाय की दाराबाहेर येत नाही. तोच आवाज होता. "चैताली, ते वाक्य भिकार आहे का गं?"

"नाही बाबा." "अजिबात नाही."

"मला जास्त लिहायला जमलं नाही. कांता असती तर तिनं चांगलं सांगितलं असतं." मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन स्वतःच जरा हसले.

"तुमचं नाव काढून टाकू?" मी विचारलं. "नाहीतर असं करू. आता सगळेच बाहेर आहेत. ज्याला यायचंय त्यानं परत यायचं. या वेळी सोशल अकाउंटनं नको, साध्या पासवर्डनं. मग ना टोकन, ना ओळखी. कोणाला दिसणार नाही. आणि मी बघणार नाही. आता खरंच नाही."

बाबांनी परात उचलून ओट्यावर ठेवली. फडक्याला हात पुसले. पाठमोरेच म्हणाले, "अभयनं परत कधी बघितलं तर? ते वाक्य दिसलं तर ओळखेल तो."

"नाही ओळखणार," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले ती राजीनाम्याची तयारी करूनच. आनंदीताईंच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. आदल्या दिवशी त्यांना इतके फोन आले होते की कोणाची सून, कोणाचा दीर, कोणाचा साहेब, सगळं पुणं एकमेकांना दिसलं होतं तेवढ्या वेळात. त्यांनी मला काढलं नाही. "ओळखी नकोत," एवढंच म्हणाल्या. "लोकांना नको आहेत ओळखी. काय बाई एकेक!"

मी पासवर्ड परत सुरू केला. सोशल अकाउंटचं बटण ठेवलं, पण टोकनमध्ये फक्त नाव मागितलं. आणि मग कोणी न सांगितलेलं एक काम केलं. 'अपेक्षा'ची जागा कोणी रिकामी सोडली, तर तिथे आपोआप एक वाक्य यावं, असं करून टाकलं. ज्यांची आधीपासून रिकामी होती, त्यांनाही ते आलं. आवडलं नाही तर खोडायची सोय ठेवली, आणि प्रत्येकाला तसा मेसेज पाठवला.

"हे कोणी लिहिलं?" ताईंनी चष्मा लावून विचारलं.

"मी."

त्यांनी परत वाचलं. त्यांचे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. "असू दे," त्या म्हणाल्या, आणि मेळाव्याच्या खुर्च्या सांगायला फोन लावला.

रविवार आला आणि गेला. त्या वाक्याबद्दल एकही तक्रार आली नाही. मी यादी उघडून वरपासून खालपर्यंत नुसते नंबर बघितले. कितीतरी जणांपुढे तीच ओळ होती, आणि कोणीच ती खोडली नव्हती. त्यात एखादी ओळ आपोआप आलेली नसून हातानं लिहिलेली असेलही. ओळखायला काही मार्ग नव्हता.

बाबा हल्ली संध्याकाळी पार्किंगमध्ये जात नाहीत. मोबाइल घेऊन गॅलरीत बसतात. मी घरी आले की चपला जरा वाजवत काढते.